बाकाच्या टोकावरूनही तोच लाल

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. माझी चौकट जाड आहे, पाय किंचित डुगडुगतो आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातला माझा एक ठिपका कायमचा काळा आहे. तरीही आज मी इतका आनंदात आहे की माझी हकिगत सांगितल्यावाचून मला राहवत नाही. सध्या मी इराणमधल्या काशान शहरात, एका घराच्या मागच्या खोलीत राहतो. माझ्याखाली टेबल नाही. मी गालिचाच्या उभ्या मागावर, आडव्या फळीला बांधलेला आहे. मॉनिटरला अशी जागा मिळाल्याचे तुम्ही कधी ऐकले नसेल. मीही ऐकले नव्हते.

माझा जन्म धुळीचा कणही नसलेल्या एका पांढऱ्या खोलीत झाला. दोन पातळ काचांच्या मधे एक खास द्रव भरला गेला. विजेचा इशारा मिळाला की त्या द्रवाचे कण वळतात आणि मागच्या दिव्याचा उजेड अडवतात किंवा पुढे जाऊ देतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवी आणि निळी अशा तीन बारीक खिडक्या असतात. असे वीस लाखांहून अधिक ठिपके माझ्यात आहेत. बऱ्याच स्वस्त पडद्यांत हे कण वळताना काचेपासून उभे राहतात, त्यामुळे खालून किंवा बाजूने पाहणाऱ्याला भलताच रंग दिसतो. माझ्यात ते होकायंत्राच्या काट्यासारखे आडवे राहूनच फिरतात. एवढीच माझी विद्या. ती कधी कुणाच्या कामाला येईल, असे त्या वेळी वाटलेही नव्हते.

माझी पहिली आठ वर्षे दुबईतल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत गेली. तिथे मी आकडे दाखवले. सकाळी काळे आकडे, दुपारी काळे आकडे, महिनाअखेरीस आणखी काळे आकडे. मी कधी बिघडलो नाही, म्हणून माझ्याकडे कधी कुणाचे लक्षही गेले नाही. पुढे कचेरीत मोठे, बारीक कडांचे पडदे आले. आम्हा चाळीस जणांना समोरासमोर बांधून, घोंगड्यांत गुंडाळून बोटीने पाठवण्यात आले. मी काशानच्या बाजारात आगा जहांगीर यांच्या दुकानात, सर्वांत खालच्या फळीवर येऊन पडलो.

तिथे तरुण मुले यायची, वाकून विचारायची, “हा किती हर्ट्‌झचा?” साठ, असे उत्तर मिळाले की ती सरळ उभी राहायची आणि पुढे जायची. मोठी झालेली मुलेही संगणकावर खेळ खेळतात आणि त्यांना वेगाने हलणारे चित्र लागते. त्यांची काही चूक नव्हती. मी सात महिने तसाच पडून होतो.

मग तो दिवस आला. नवरोज, म्हणजे त्यांचे नवे वर्ष, चाळीस दिवसांवर होता. दुकानात तीन बायका शिरल्या. पुढे पन्नाशीच्या मुनीरे खानूम, म्हणजे मुनीरेबाई, त्यांच्या मागे त्यांची ठेंगणी धाकटी बहीण इशरत आणि शेवटी मुनीरे खानूमची एकोणीस वर्षांची मुलगी गुलरुख. गुलरुखच्या हातात रजईत गुंडाळलेला एक मॉनिटर होता आणि इशरतच्या खांद्याला लोकरीच्या लडींनी फुगलेली पिशवी.

“सलाम, आगा जहांगीर. हा घ्या तुमचा मॉनिटर,” मुनीरे खानूम म्हणाल्या.

“सलाम, सलाम! या, दुकान उजळलं. चहा मागवू?”

“चहा नको. हा खोटं बोलतो.”

जहांगीरने रजई सोडली, वीज जोडली, पडदा लावून पाहिला. “खानूम, हा तर ठणठणीत आहे. बघा ना, कसा झळकतोय!”

“झळकणारच. तुमच्या या दिव्यांखाली माझा नवराही झळकेल.”

इशरत खुदकन हसली. गुलरुख मात्र हसली नाही. तिने खाली मान घालून सगळे सांगितले आणि मी खालच्या फळीवरून कान टवकारून ऐकले.

या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांचे नकाशे विणले जात. गालिचाचा नकाशा म्हणजे चौकटींचा कागद. एक चौकट म्हणजे लोकरीची एक गाठ. हाजी सबूरी नावाचे व्यापारी नकाशा द्यायचे, लोकर द्यायचे आणि तयार गालिचा घेऊन जायचे. गुलरुखने संगणकावर स्वतःचा नकाशा काढला. डाळिंबाची फुले, निळी पाने, मधे एक वाहते पाणी. तिने तो हाजींना दाखवला. हाजी म्हणाले, आधी दोन मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच नमुना विणून दाखव. नवरोजच्या आधी. रंग जमले तर मोठा गालिचा तुझ्या नकाशाने. नाही जमले तर पुन्हा माझे नकाशे, आणि हा विषय संपला.

“आणि काय म्हणाले माहितीये?” मुनीरे खानूम मधेच बोलल्या. “म्हणे, मिशी न फुटलेल्यांचे नकाशे मी आजवर घेतले नाहीत. मी म्हटलं, हिला मिशी फुटायची वाट बघाल तर गालिचा राहिलाच.”

नकाशा कागदावर छापला की रंग फिके पडत. म्हणून त्यांनी मॉनिटर घेतला आणि तो मागावर, मधोमध, जरा उंच बांधला. बाकावर तिघी बसत. मधे गुलरुख, एका बाजूला आई, दुसऱ्या टोकाला इशरत. ज्या त्या बाईने वर पाहायचे आणि आपली गाठ मारायची. अकरा ओळी झाल्यावर गुलरुख पाणी प्यायला उठली, मागे वळून पाहिले आणि तिच्या हातातला पेला तसाच राहिला. इशरतच्या बाजूची डाळिंबाची सगळी फुले विटकरी झाली होती.

“मला तिथून विटकरीच दिसत होतं,” इशरत म्हणाली. “देवाशपथ. मी काही आंधळी नाही.”

“खाला, तुला कोण दोष देतंय?” गुलरुख मावशीला म्हणाली.

जहांगीरने त्या मॉनिटरकडे खालून पाहिले, बाजूने पाहिले. “पण खानूम, हा रंग बदलतो हे तुम्हाला घेतानाच दिसलं नव्हतं?”

मुनीरे खानूमने रजईची घडी घातली. “दिसलं होतं,” त्या म्हणाल्या. “मीच हिला म्हटलं, हाच घे. बघ, चांगल्या गालिचासारखा आहे. इकडून उजळ, तिकडून गडद.”

मित्रांनो, ही चूक फक्त गालिचा विणणारी बाईच करू शकते. गालिचाची लोकर एका दिशेला निजलेली असते, म्हणून चांगला गालिचा एका टोकाकडून उजळ आणि दुसऱ्याकडून गडद दिसतो. मुनीरे खानूमने आयुष्यभर हीच खूण पाहून माल ओळखला होता. पडद्यात तीच खूण दिसल्यावर त्यांनी तो आनंदाने उचलला.

“बावीस वर्षं दुकान चालवतोय,” जहांगीर कपाळाला हात लावून म्हणाला, “पण मॉनिटरमधे लोकर शोधणारं गिऱ्हाईक आज पाहिलं!”

“हसा, हसा. आमच्या अकरा ओळी उसवायच्या आहेत. हा परत घ्या. वर बारा लाख तुमान देते, त्याहून एक तुमान नाही. आणि आता आम्ही निवडू तसं निवडू द्या.”

यानंतर जे झाले तसे त्या दुकानात कधी झाले नसेल. गुलरुखने पडद्यांच्या किमती वाचून तीन उमेदवार बाजूला काढले. एक नवा, रुंद, कडा नसलेला. दुसरा अगदी पातळ आणि हलका. तिसऱ्यासाठी ती वाकली, माझ्या पाठीवरची चिठ्ठी वाचली आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले.

“आगा जहांगीर, हा कुठल्या जातीच्या काचेचा? आयपीएस?” आडव्या कणांच्या माझ्या जातीचे हेच नाव.

“आयपीएस आहे, पण तो कचेरीतला म्हातारा आहे, पोरी. साठ हर्ट्‌झ. चौकट तर बघ, खिडकीची वाटते.”

“आमचा गालिचा पळत नाही. साठ पुरे.”

मला बाहेर काढले, तेव्हा सात महिन्यांची धूळ उडाली. इशरत शिंकली. मुनीरे खानूमने दुकानातले दिवे विझवायला लावले आणि आम्हा तिघांना दाराजवळ, दिवसाच्या उजेडात मांडले. गुलरुखने तिघांवर तोच नकाशा लावला. मग पिशवीतून डाळिंबी लड निघाली, ती पडद्याला टेकवून धरली गेली. नंतर निळी. नंतर अक्रोडाच्या सालीत रंगवलेली तपकिरी.

मित्रांनो, माझी अवस्था काय सांगू! आठ वर्षे आकडे दाखवलेल्या माझ्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी रंग मागितला. माझे वीस लाख ठिपके एका वेळी जागे झाले.

रुंद पडदा सुरेख होता, पण त्याची डाळिंबी फुले भलतीच भडक दिसत होती. “ही काय फुलं म्हणायची? ही तर सरबताची बाटली,” इशरत म्हणाली. शिवाय त्याची किंमत त्यांच्याकडच्या पैशांच्या दुप्पट होती. पातळ पडदा समोरून बरा दिसला. मग इशरत सरळ दुकानाच्या फरशीवर फतकल मारून बसली, पार भिंतीशी सरकली आणि तिथून वर पाहू लागली.

“अगं, काय करतेस? लोक बघतायत!” मुनीरे खानूम.

“बघू देत. मी जिथे बसते तिथूनच बघणार. हा पातळ्या इथून काळवंडतो. गेला.” मग तिने माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले आणि बहिणीला हाक मारली. “आपा, हा म्हातारा इथूनही डाळिंबीच म्हणतोय.”

तिघी आळीपाळीने खाली बसल्या. मग त्यांनी पडदा पूर्ण पांढरा करायला सांगितला आणि जहांगीरचे तोंड पडले. त्याला माझे वैगुण्य माहीत होते. ते शोधायला चांगल्या माणसालाही पाच मिनिटे लागतात. इशरतने पापणी लवायच्या आत बोट दाखवले.

“इथे एक गाठ सुटलीये.”

“कुठे?” जहांगीरने उगाच विचारले.

“तुमच्या नाकासमोर. डावा कोपरा, खालून सातवी ओळ.”

“एक ठिपका, खानूम! वीस लाखांत एक!”

“आमच्या गालिचात एक गाठ चुकली तर हाजी असंच म्हणतील का?” मुनीरे खानूमने विचारले. “बारा नाही, दहा लाख.”

जहांगीरने रिवाजाप्रमाणे आधी म्हटले, “तुमच्यापुढे कसली किंमत, असाच न्या.” त्यांनीही रिवाजाप्रमाणे दोनदा नको म्हटले. मग तो बारावर अडला, त्या दहावर अडल्या आणि सौदा अकरावर ठरला. गुलरुखने मला त्याच रजईत गुंडाळले. टॅक्सीत तिने मला मांडीवर घेतले होते. आमच्या जातीला मांडी क्वचितच मिळते.

घरी आल्यावर तिने सर्वांत आधी माझा उजेड कमी केला. दुकानात पडदे नेहमी पूर्ण उजेडात ठेवतात, पण तेवढ्या उजेडात कुठलाच रंग खरा दिसत नाही. तिने खिडकीपाशी डाळिंबी लड धरली आणि मी व लड सारखे दिसेपर्यंत बटण दाबत राहिली. मग मला मागाच्या फळीला बांधले. बाकाच्या टोकावरून इशरत ओरडली, “दिसतंय!” आणि मुनीरे खानूमने पहिली चुकीची गाठ आकड्याने ओढून काढली.

अकरा ओळी उसवायला चार दिवस लागले. नंतर विणकाम सुरू झाले. मी नकाशाचा एक तुकडा मोठा करून दाखवायचा, तिघींची बोटे चालायची, ओळ झाली की कंगव्यासारख्या जड फणीने ती ठोकली जायची. ठोक्यागणिक मी हादरायचो, पण मला त्याचेही कौतुक वाटायचे. रोज दुपारी गुलरुख बाकावरून उतरून लांब उभी राहायची आणि एकदा विणकामाकडे, एकदा माझ्याकडे पाहायची. डाळिंबाची फुले तीच, निळी पानेही तीच. “तीच आहेत, मामान,” ती आईला सांगायची. मुनीरे खानूम मान वर न करता म्हणायच्या, “मग बस आणि वीण. ओळ तुझ्या बघण्याने वाढत नाही.”

नऊ दिवस उरले असताना मी बंद पडलो.

काम ऐन भरात होते. मला आतून गरम वाटत होते, पण मला बोलता येत नाही. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला.

“गेला,” इशरत म्हणाली. “म्हातारा गेला.”

“गप्प बस,” मुनीरे खानूम म्हणाल्या. “अकरा लाख तुमान आणि पोरीचा नकाशा... एवढ्यात कसा जाईल?”

गुलरुख पुढे झाली. तिने माझ्या पाठीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग वायर काढली, मला उतरवले, पालथे केले. माझ्या पाठीच्या जाळीवर लोकरीच्या तुसांचा एक मऊ, जाड थर बसला होता. चार आठवडे मी त्या थरातून श्वास घेत होतो. लोकर उबेसाठीच असते, आणि तिने मला ऊबच दिली होती, फक्त नको तितकी.

तिने मऊ कुंचल्याने जाळीचा एकेक डोळा मोकळा केला. ओले फडके आणायला निघालेल्या मावशीला तिने ओरडून थांबवले. मग तिघी चहा घेऊन माझ्याभोवती बसल्या. इशरतने साखरेचा खडा दातांत धरला, पण चहा प्यायचे विसरली. तासाभराने गुलरुखने वायर जोडली.

आधी एक फिकट करडा उजेड, आणि मग माझ्यावर डाळिंबाची सगळी फुले एकदम उमटली. मुनीरे खानूमने दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. इशरत म्हणाली, “मी म्हटलंच होतं, तो दमलाय फक्त.” कुणी तिला आठवण करून दिली नाही. त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी मला विझवले जाते आणि दर गुरुवारी माझी पाठ कुंचल्याने झाडली जाते.

नवरोजला चार दिवस उरले असताना नमुना मागावरून कापला. दृष्ट लागू नये म्हणून इशरतने निखाऱ्यावर इस्पंदाचे दाणे टाकले, ते तडतडले, खोलीभर धूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हाजी सबूरी आले. सत्तरीचे, किडकिडीत, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ. त्यांनी नमुना आधी पालथा केला, कारण गालिचाची पाठ काही लपवू शकत नाही. पाठीवरच्या गाठी अंगठ्याने मोजल्या. रुमाल ओला करून फुलावर घासला आणि रुमाल पाहिला. मग नमुना सुलटा केला, त्याच्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. गुलरुख भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या हातातली डाळिंबी लड तिने इतकी पिळली होती की ती दोरी झाली होती.

“बाकावर टोकाला कोण बसतं?” हाजींनी विचारले.

“मी,” इशरत म्हणाली.

“हं.” ते वाकले. त्यांनी इशरतच्या बाजूचे एक फूल आणि मुनीरे खानूमच्या बाजूचे एक फूल यांवर दोन बोटे ठेवली आणि चष्मा डोळ्यांवर ओढला. “ही दोन्ही एका हाताची वाटतात. माझ्या कारखान्यात चौघी बसतात, तिथे चार डाळिंबं होतात.” मग ते गुलरुखकडे वळले. “पाण्याचा निळा जरा थंड आहे. मोठ्या गालिचात थोडा ऊबदार कर.”

सर्वांत आधी मुनीरे खानूमच्या लक्षात आले.

“मोठ्या गालिचात?” त्या म्हणाल्या.

“बारा चौरस मीटर. नवरोजनंतर लोकर पाठवतो.” हाजी दाराशी गेले, चप्पल पायात सरकवली आणि जरा थांबले. “वरच्या काठात माझं नाव विणतात, तशी पद्धत आहे. त्याच्या शेजारी नकाशा काढणाऱ्याचंही घाला. उद्या कुणी मला विचारलं, हे पाणी कुणी काढलं, तर मी काय सांगू?”

ते गेल्यावर जो गलका झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. इशरतने गुलरुखला उचलण्याचा प्रयत्न केला आणि दोघी लोकरीच्या ढिगात पडल्या. मुनीरे खानूम शेजाऱ्यांना गुलाबपाण्याची मिठाई वाटायला निघाल्या आणि चप्पल घालायची विसरल्या.

आता नवरोज होऊन गेला आहे आणि आज सकाळी गुलरुखने माझ्यावर वरचा काठ उघडला. तिने आपले नाव काढले. त्यांच्या लिपीत त्याची चार अक्षरे होतात. एक ठिपका, एक गाठ. शेवटच्या अक्षरावरच्या टिंबालाच चार गाठी लागल्या. तिने ते हाजींच्या नावापेक्षा बरेच लहान काढले होते. मुनीरे खानूम तिच्या खांद्यावरून पाहत होत्या.

“जरा मोठं कर,” त्या म्हणाल्या. “वाचायला कुणाला वाकायला लागू नये.”

मित्रांनो, मॉनिटर घ्यायला जाल तेव्हा पैसे थोडे असले तरी घाई करू नका. दुकानाच्या झगमगाटात भुलू नका, नवा की जुना एवढ्यावरच जाऊ नका. तुमचे काम काय आहे ते आधी ठरवा, आणि तुम्ही व तुमच्या घरचे जिथे बसणार आहात तिथून एकदा पाहा. घरी आणल्यावर त्याचा उजेड बेताचा ठेवा, त्याची पाठ मोकळी ठेवा, त्याला मधूनमधून विसावा द्या. आणि माझ्याकडे कधी आलात, तर मला कोरड्या, मऊ फडक्यानेच पुसा. बोट टेकवून काही दाखवू नका. माझ्यावर सध्या एका मुलीचे नाव आहे.